मामा, तुझं अलायमेंट चुकलंय

माझं व्हील अलायमेंटचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. बोर्डावर 'अलाइनमेंट' असं शुद्ध लिहून घेतलंय, पण कोल्हापुरात तसं कोणी म्हणत नाही, मीपण नाही. रोज दहा-बारा गाड्या होतात. 'डावीकडं ओढालीय', 'ऐंशीच्या पुढं स्टेरिंग थरथरालंय', 'पुढचा टायर आतनं खाल्लाय'. तक्रारी या तीनच, गाड्या तेवढ्या बदलतात. त्यामुळं भाच्यानं दहावीच्या बक्षिसाच्या पैशांतून रिमोटची गाडी मागवली, तेव्हा ती जोडायला त्यानं माझ्याच टेबलावर आणून ठेवली, यात नवल नव्हतं. ताई म्हणाली, "तुझंच काम की हे."

गाडी म्हणजे तामिया या जपानी कंपनीची टीटी-०२. खेळणं म्हणू नका, भाचा चिडतो. सरकार मात्र खेळणंच म्हणतं. २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. रेडिओ, सर्वो (स्टेरिंग फिरवणारी छोटी मोटार), बॅटरी, चार्जर धरून हिशेब कुठवर गेला ते ताईला अजून नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही.

हे मॉडेल २०१३ साली आलं. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची टूरिंग कार. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५७ मिलिमीटर. मध्ये शाफ्ट, पुढं डिफरन्शियल, मागं डिफरन्शियल, चारही चाकांना ताकद. चेसिस म्हणजे प्लॅस्टिकचं एकसंध टबासारखं भांडं. डब्यात गाडी नसते, सुट्या भागांच्या पिशव्या आणि चित्रांचं पुस्तक असतं. जोडायची आपण.

जोडायला बसलो आणि पहिल्याच स्क्रूला हात थांबला. डोकं आपल्या साध्या फुलीचं वाटतं, पण नसतं. जपानी मापाची फुली असते. साधा फिलिप्स तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. ज्यांनी जुन्या यामाहा आरएक्स बाइकच्या इंजिन कव्हरचे स्क्रू छिन्नी-हातोड्यानं काढलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. माझ्याकडं त्या काळातला जपानी स्क्रू ड्रायव्हर आहे, लाकडी मुठीचा. वीस वर्षं ड्रॉवरात पडून होता, तो काढला. भाच्याला पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर वाटला. शेवटचाही तोच, असं पुढं दिसेल.

किटातले शॉकअप बघून मला हसू आलं. आत ऑइलच नाही. नळीत दांडा, बाहेर स्प्रिंग, घर्षणावर काम. भाच्यानं ऑइलचे चार शॉकअप आणि बुशांच्या जागी घालायला ११ बाय ५ च्या बेअरिंगा आधीच मागवल्या होत्या, ते बरं झालं. त्याच पार्सलात अल्युमिनियमचे दोन मागचे अपराइट, म्हणजे चाक धरून ठेवणारे तुकडे होते, निळे, चकचकीत. पिशवीवर लिहिलेलं, टो-इन २.५ अंश. म्हणजे चाकाचं तोंड तेवढं आत वळलेलं.

मी म्हटलं, "हे चुकीचं आलंय. परत पाठव."

कारण अडीच अंश म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माझ्या मशीनवर आम्ही अंशाच्याही आत, मिनिटांत (साठ मिनिटांचा एक अंश) खेळतो. दहा मिनिटं इकडंतिकडं झाली तर आकडा लाल होतो. एका चाकाला अडीच अंश टो देऊन गिऱ्हाइकाची गाडी सोडली, तर महिन्याभरात टायरची वायर दिसेल आणि गिऱ्हाईक दुकानात तीच वायर घेऊन येईल. भाचा म्हणाला, सगळे हेच लावतात. मी म्हटलं, सगळे चुकतात. किटातले साधे प्लॅस्टिकचे अपराइट बसवले आणि पुढची चाकं गिऱ्हाइकाच्या गाडीसारखी सरळ करून दिली.

सरळ कशी केली तेही सांगतो, कारण इतक्या लहान चाकांवर माझं मशीन चालत नाही. आधी कॅरमबोर्ड घेतला. त्याला पोक निघाला. मग काचवाल्याकडून बारा मिलिमीटर जाडीची काच कापून आणली, तीच आता सेटअपचं टेबल. चाकाला गुण्या लावायचा आणि वरची फट बघायची. टायरची उंची ६४ मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा वर १.७ मिलिमीटर फट आली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दीड अंश. पोटाखालची उंची बघायला ड्रिलचे दांडे. साडेपाचचं ड्रिल जातंय, सहाचं अडतंय, म्हणजे मधली उंची. दुकानात पडलेल्या वस्तूंत सगळं भागलं, काच सोडून.

माझ्या एका दोस्ताचं मंगल कार्यालय आहे, त्याच्या पार्किंगला डांबर आहे. मे महिन्यात एका सोमवारी सकाळी, दुकान बंद असताना, तिथं पहिली चक्कर मारली. सरळ झकास. वळणात भाच्यानं थ्रॉटल दिला आणि गाडीनं स्वतःभोवती गिरकी घेतली. पुन्हा दिला, पुन्हा गिरकी. हळू गेलं तर वळते, जोरात गेलं की मागचा भाग पुढच्याला भेटायला येतो.

"मामा, तुझं अलायमेंट चुकलंय," भाचा म्हणाला. तो दहावीला पंच्याऐंशी टक्के घेऊन माझ्याच दोस्ताच्या पार्किंगमध्ये हे बोलत होता.

तिथून पुढं दोन आठवडे मी टायरला दोष दिला, डांबरावरच्या खड्यांना दिला, उन्हाला दिला. शेवटी एका रात्री दुकान बंद झाल्यावर काचेवर गाडी ठेवून नुसता बघत बसलो. आणि जे डोक्यात यायला हवं होतं ते आलं. मी एकोणीस वर्षं गाड्या सरळ पळवतोय. पुणे-कोल्हापूर हायवेवर स्टेरिंग सोडलं तरी ती आपल्या लेनमध्ये राहावी आणि टायर चाळीस हजार किलोमीटर जावा, हे माझं काम. ही गाडी सरळ पळतच नाही. पाच मिनिटं वळत राहते, आणि टायर झिजला तर झिजला.

मागची चाकं आत तोंड करून असली की वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं, आणि ते चाक आधीच वळणाच्या आतल्या बाजूला बघत असतं. घसरायच्या आधीच ते आत ढकलायला लागतं. थ्रॉटलवर मागचा भाग धरून ठेवतो तो हा. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकमेकांशी थोडी भांडतात, वेग किंचित जातो, टायर घासतो. तो हप्ता आहे, भरायचा. पुढं उलटं. पुढच्या चाकांना अर्धा-एक अंश टो-आउट दिला, म्हणजे तोंडं बाहेर केली, की स्टेरिंग हलवल्याबरोबर नाक आत जातं. माझ्या दुकानातून अशी गाडी बाहेर गेली तर लोक मला वेड्यात काढतील.

निळे अपराइट परत पाठवायला सांगितलेले. भाच्यानं पाठवलेच नव्हते. दप्तरात होते.

ते बसवले, आणि आषाढ लागला.

कोल्हापूरचा आषाढ ज्यांनी बघितलाय त्यांना पार्किंगचं काय झालं ते सांगायला नको. पण आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात, कार्यालय ओस पडतं. दोस्त म्हणाला, सोमवारी हॉल घ्या, जाताना झाडून द्या. साठ बाय चाळीस फुटांचा हॉल, खाली घोटलेला कोटा. त्यावर गाडी सोडली तर नुसती बर्फावर सोडल्यासारखी. चाकं फिरतात, गाडी विचार करते. मग भाच्याची नजर कोपऱ्यातल्या गुंडाळीवर गेली. नवरा-नवरीच्या एंट्रीला अंथरतात ते लाल मॅटिंग. युरोपात हिवाळ्यात या गाड्यांच्या शर्यती हॉलमध्ये कार्पेटवरच होतात, हे त्यानं मला मोबाइलवर दाखवलं. तिथलं कार्पेट काळं-करडं असतं, आमचं लाल. पट्ट्या शेजारी शेजारी अंथरून खालून टेप मारला, वळणांवर उलटे द्रोण ठेवले आणि ट्रॅक तयार. द्रोणाला गाडी लागली तर कुणालाच काही होत नाही. खुर्च्यांच्या लोखंडी पायांचं तसं नाही, पण ते नंतर.

शॉकअपवर जरा थांबतो, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त मजा तिथं आली. मोठ्या गाडीचा शॉकअप गेला की आम्ही नवा लावतो, आत काय चाललंय ते कुणी बघत नाही. इथं आपणच भरायचा. बोटाएवढी नळी, आत भोकांची चकती. एक भोक, दोन भोकं, तीन भोकं, अशा वेगवेगळ्या चकत्या येतात. भोकं कमी तर शॉकअप कडक. त्यात सिलिकॉन ऑइल. आम्ही ४०० नंबरचं वापरतो. नळी काठोकाठ भरायची, दांडा हळूहळू वरखाली करायचा, चकतीखाली अडकलेले बुडबुडे एकेक करून वर येतात. साबुदाण्याच्या खिचडीतल्या साबुदाण्यांएवढे, नंतर मोहरीएवढे, नंतर दिसेनासे. तरी दहा मिनिटं उभं ठेवायचं, कारण दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. मग रबरी पडदा ठेवून झाकण फिरवायचं, जास्तीचं ऑइल बाजूनं ओघळू द्यायचं. झाल्यावर डाव्या-उजव्याचे दांडे एकमेकांसमोर धरून दाबायचे. दोन्ही सारखे आत जायला हवेत. एक पुढं, एक मागं राहिला की एकात हवा आहे. पहिल्या वेळी चारांतले तीन पुन्हा भरले. भाचा कंटाळून आईस्क्रीम खायला गेला. मी गेलो नाही.

तरी गाडी डावीकडं छान वळायची आणि उजवीकडं वळताना नाक बाहेर टाकायची. रोजच्या धंद्यातली तक्रार, पण या वेळी कॅम्बर दोन्हीकडं सारखा, टो सारखा. उत्तर भाच्याच्या मोबाइलमध्ये सापडलं. गाडी काचेवर ठेवायची, पुढच्या बंपरखाली बरोबर मध्यावर सुरीचं टोक घालून हळूच वर घ्यायचं. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी काच सोडायला हवीत. आमचं उजवं आधी उठलं, डावं अजून चिकटलेलं. पुढून उचलल्यावर असं झालं तर दोष मागं असतो, कारण पुढचा भाग सुरीच्या टोकावर मोकळा आहे आणि मागच्या दोन स्प्रिंगा ठरवतात गाडी कुठं कलायची ते. मागच्या स्प्रिंगांखालचे प्लॅस्टिकचे स्पेसर बघितले. एका बाजूला एक मिलिमीटरचा जास्त. मीच घातलेला, चष्मा न लावता. शिवाय गियरबॉक्सचे स्क्रू एका कोपऱ्यात घट्ट, एका कोपऱ्यात सैल, त्यामुळं टब किंचित पिळलेला. सगळे अर्धा फेरा सैल केले, गाडी काचेवर दाबून धरली आणि चाकाच्या बोल्टांसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आलो. हे मात्र मला कुणी शिकवायला लागलं नाही.

त्याच दिवशी फेरी साडेनऊ सेकंदांवरून आठ-पॉइंट-सातवर आली.

मग नवे मऊ टायर आले आणि गाडी उलटायला लागली. आधी घसरत होती म्हणून रडत होतो, आता पकड इतकी की वळणात बाहेरचे टायर मॅटला रुतायचे आणि गाडी त्यांच्यावरून लोळण घ्यायची. मी गाडी साडेपाचवरून पाच मिलिमीटरवर आणली, पुढच्या स्प्रिंगा एक नंबर कडक केल्या. थोडा फरक. खरा इलाज निघाला पाच रुपयांच्या फेविक्विकचा. पुढच्या टायरच्या बाहेरच्या बगलेवर पातळ थर फिरवायचा. सुकला की ती कड टणक होते, मॅटला चावत नाही. टायर रिमला चिकटवायलाही तेच वापरतात. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याचा एक ठिपका आठवडाभर होता, त्याचं बोट गिऱ्हाइकाच्या काळ्या सीटवर उठलं ते वेगळं.

गियरचा नाद भाच्याचा. मोटारीवर लहान पिनियन असतं, किटात २२ दातांचं, समोर ७० दातांचं मोठं चाक, पुढं गियरबॉक्समध्ये २.६ चं प्रमाण. म्हणजे मोटार ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा. किटातली मोटार पंधरा हजार आरपीएमची धरली तर वेग निघतो ताशी बावीसच्या आसपास. भाच्यानं २५ चं पिनियन लावलं, प्रमाण ७.२८, कागदावर वेग पंचवीस. हॉलमध्ये तेवढी जागा कुठाय? गंगावेशीतल्या गर्दीत चौथ्या गियरात गाडी ओढावी तशी मोटार कण्हत होती. सहा मिनिटांनी हात लावला तर लावल्या लावल्या काढला. कोविडमधलं कपाळाचं टेंपरेचर बघायचं यंत्र आणलं, त्यावर नुसतं 'हाय' आलं. ते बेचाळीसच्या पुढं मोजत नाही. ब्रेक डिस्कसाठी दुकानात असलेलं आणलं, ९२ अंश. पुन्हा २२ दात लावल्यावर ६८. आणि फेरी हळू नाही, उलट दोन दशांशानं फास्ट झाली, कारण वळणातून उठतानाचा जोर वाढला.

बॅटरीचं एवढंच सांगतो की दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्टला फुल करून मेच्या उन्हात पंधरा दिवस ठेवू नका. आमची एक पापडासारखी फुगली. ठेवायची तर सेलमागं ३.८ वर ठेवायची. फुगलेली मी मिठाच्या पाण्यात घालायला निघालो होतो, पण भाच्यानं वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्यात दिली.

श्रावणात एक गोष्ट मात्र जाईना. सरळ पट्टीवर गाडी एकदा डावीकडं भटकायची, एकदा उजवीकडं. ट्रिम केलं, म्हणजे रिमोटवरनं स्टेरिंगचा मध्य सरकवला, की दुसऱ्या फेरीत ट्रिम चुकीचं. मी पुढचा टो अर्ध्या अंशावरून शून्यावर आणला, पुन्हा एकावर नेला, कॅम्बर बदलला, टायर डावे-उजवे केले. दोन सोमवार असेच गेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी भाच्याला सांगत होतो आणि स्वतः तीन-तीन बदलत होतो.

तिसऱ्या सोमवारी भाचा लवकर आलेला, दुकानाच्या शटरपाशी बसलेला. माझा पोरगा रॅम्पवर एका जुन्या व्हॅनचं पुढचं चाक धरून हलवत होता. घड्याळातल्या बारा-सहाला धरून, मग नऊ-तीनला. आमच्याकडं हे पहिलं काम. आधी बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग, यात ढिल आहे का बघायची, मग मशीन लावायचं. ढिल असलेल्या गाडीचं अलायमेंट करणं म्हणजे हलत्या टेबलावर हिशेब लिहिणं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पैसे वाचवायला निघालेले असतात ते.

भाच्यानं त्याची गाडी उचलली, रेडिओ चालू केला, स्टेरिंग मध्यावर ठेवलं आणि दोन बोटांनी पुढचं चाक नऊ-तीनला धरून हलवलं.

"मामा, ह्याला बघितलायस काय?"

चाक तीन-चार अंश सहज इकडंतिकडं जात होतं. स्टेरिंग फिरवणाऱ्या सर्वोच्या तोंडाला सर्वो सेव्हर म्हणून तुकडा असतो, धडक बसली तर धक्का सर्वोच्या गियरांना लागू नये म्हणून लवचीक. खुर्च्यांच्या पायांना ठोकून ठोकून आमचा ढिला झालेला, आणि त्याचा स्क्रूही अर्धा सुटलेला. मी काचेवर अर्धा अंश मोजत होतो, आणि खाली चार अंश नुसते लोंबकळत होते. रॅम्पखालून पोरगा हसला. मी त्याला चहा आणायला पाठवलं.

कडक स्प्रिंगचा नवा सर्वो सेव्हर लावला, सर्वोचा आर्म ट्रिम शून्यावर असताना काटकोनात बसवला. पहिल्याच फेरीत गाडी सरळ पट्टीवर दोरी लावल्यासारखी गेली. आठ-पॉइंट-एक. भाचा शेवटच्या द्रोणाला लागला नसता तर सात-पॉइंट-नऊ होतं, असं तो म्हणतो. मी स्टॉपवॉच धरलेलं, माझ्या मते आठच.

आता तुळशीचं लग्न झालं. कार्यालयाचं बुकिंग सुरू, लाल मॅटिंग पुन्हा नवरा-नवरीच्या पायाखाली. एका पट्टीवर टायरचे काळे वळसे उमटलेत, ती दोस्त जेवणाच्या पंगतीकडं वापरतो. आम्ही परत पार्किंगच्या डांबरावर, सकाळी साडेसहाला, गाड्या यायच्या आत. मॅटवरचं सेटिंग इथं उपयोगाचं नाही. पोट खड्यांवर घासतंय, पुढच्या कडक स्प्रिंगांनी चाकं उडालीत, मागं पकड कमी पडालीय. स्प्रिंगा मऊ घातल्या. उंची साडेसहावर न्यायची आहे, पण साडेसहाचं ड्रिल सेटात नाहीये. परवा भाचाच घेऊन गेलेला, विचारलं तर म्हणतो, दप्तरात बघतो.